'हयात' या रकान्यात

वडील २००९च्या मार्चमध्ये गेले. दिवसवार झाल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आवरायला घेतली. सातबाराच्या उताऱ्यांखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक पिवळट कार्ड निघालं. इंग्रजीत टंकलेलं. वर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव, वय सात वर्षं. खाली एक लांबलचक शब्द, 'मेड्युलोब्लास्टोमा'. त्याखाली दोन आकडे: डोकं आणि पाठीचा कणा, ३६०० रॅड, डोक्याचा मागचा भाग, एकूण ५४०० रॅड. तारखा नोव्हेंबर १९८१ ते जानेवारी १९८२. कार्डाच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने एसटीचं भाडं, दूध, मोसंबी असा हिशेब.

आमच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. 'धाकटीचं ते मुंबईचं' एवढंच म्हणत. ती वाचली, परत आली, विषय मिटला. पुढे सत्तावीस वर्षं ते कार्ड ट्रंकेत होतं आणि धाकटी घरात होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. वडिलांना किती ठाऊक होतं, ते विचारायचं राहून गेलं.

मी डॉक्टर नाही. कऱ्हाडच्या एका सहकारी संस्थेत कारकुनी करता करता मोडी शिकलो आणि गेली तीसेक वर्षं गावोगावची जुनी दप्तरं वाचतो आहे. वतनाचे, इनामाचे कागद वाचणाऱ्याला 'हयात' हा शब्द फार ओळखीचा असतो. अमुक बिघे जमीन 'हयातीपर्यंत'. ज्याच्या नावे सनद, तो जिवंत आहे एवढंच दप्तराला हवं असतं. तो कसा जगला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कार्ड सापडल्यावर मिरजेला डॉक्टरकी शिकणाऱ्या मित्राच्या मुलाला धरून या आजारावरचे जुने-नवे शोधनिबंध मिळवले, शब्दकोश घेऊन बसलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथेही तोच रकाना आहे: पाच वर्षांनी हयात किती, दहा वर्षांनी किती. मग हेही एक दप्तरच समजून वाचायला घेतलं. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

गाठ आणि तिची वाट

आधी आजाराची ओळख. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं, हाताची हालचाल नेमकी करणं ही त्याची कामं. मेड्युलोब्लास्टोमा ही या लहान मेंदूत होणारी गाठ. ती बहुधा मुलांना होते, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. तशी दुर्मीळच: दर दहा लाख मुलांमागे वर्षाला जेमतेम पाच-सहा. पण मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगी गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, आणि वाढते झपाट्याने.

लहान मेंदूच्या पुढ्यात मेंदूतल्या पाण्याची एक पोकळी असते. मेंदूत तयार होणारं पाणी याच वाटेने बाहेर पडून मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती खेळतं. गाठ वाढली की ही वाट बुजते, पाणी तुंबतं, डोक्यातला दाब वाढतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, उलटी होते आणि उलटी झाली की बरं वाटतं. पुढे चालताना झोक जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या गाठीच्या पेशी त्या पाण्यात सुटतात आणि पाण्याबरोबर कण्यात उतरतात. ओढ्याच्या उगमाशी विष पडावं आणि पाणवठे खाली गावोगाव असावेत, तसं. उगमाशी कितीही साफसफाई केली तरी खालचं पाणी बाधलेलंच. ही साधी गोष्ट ध्यानात यायला आणि तिच्यावर उपाय सापडायला वैद्यकाला जवळजवळ तीस वर्षं लागली. या आजाराच्या इतिहासाचा पहिला अर्धा भाग तोच आहे.

बोस्टन: एकसष्टांत एक

मेंदूच्या शस्त्रक्रियेला शास्त्राचं रूप देणाऱ्यांत हार्वी कुशिंग यांचं नाव पहिलं येतं. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते १९१२ पासून वीस वर्षं होते. काढलेली प्रत्येक गाठ, शवविच्छेदनात मिळालेला प्रत्येक मेंदू ते जपून ठेवत. हा सगळा साठा त्यांनी पर्सिव्हल बेली या तरुण सहकाऱ्याच्या हाती दिला. बेलींनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठींची जातवारी लावली. १९२५ मध्ये दोघांनी मिळून लहान मेंदूतल्या या गाठीवर निबंध लिहिला आणि 'मेड्युलोब्लास्टोमा' हे नाव दिलं.

नावाची गोष्ट मजेची आहे. आधी त्यांनी वेगळं नाव योजलं होतं, पण त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी ते निराळ्याच गाठीला देऊन टाकलं. मग गर्भावस्थेतल्या 'मेड्युलोब्लास्ट' नावाच्या एका मूळ पेशीपासून ही गाठ होत असावी अशी कल्पना करून नवं नाव ठेवलं. ती पेशी पुढे कधी कुणाला सापडलीच नाही. मूळ पुरुषाचा पत्ता नाही आणि आडनाव मात्र शंभर वर्षं चालू आहे, अशी घराणी मोडी कागदांत मीही पाहिली आहेत.

१९३० मध्ये कुशिंग यांनी आपल्या हातून गेलेल्या अशा ६१ रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी त्यांतला एक हयात होता. एकसष्टांत एक. अपयश इतक्या उघडपणे लिहून ठेवणारा कारभारी मला आमच्या दप्तरांत क्वचितच भेटला. क्ष-किरणांनी ही गाठ विरघळते, शस्त्रक्रियेनंतर किरण दिलेली मुलं थोडी जास्त जगतात, हेही कुशिंग यांच्या लक्षात आलं होतं. पण गाठ परत यायची, नाहीतर कण्यात उगवायची.

इथे लुईस आयझेनहार्ट या बाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या १९१५ मध्ये कुशिंग यांच्याकडे लेखनिक म्हणून लागल्या, मग वैद्यक शिकल्या आणि मेंदूतल्या गाठींच्या मोठ्या जाणकार झाल्या. रुग्णाचं पुढे काय झालं, याची नोंद त्या एका छोट्या काळ्या वहीत ठेवत. रुग्णालय सोडून गेलेल्यांशी पत्रव्यवहार चालू असे. कुशिंग यांच्या मागे तो सगळा संग्रह येल विद्यापीठात त्यांनीच सांभाळला. पुढे मेंदूंच्या बरण्या एका तळघरात धूळ खात पडल्या आणि २०१० मध्ये नीट मांडून लोकांना खुल्या झाल्या. गाठ काढणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे विचारत राहणारं कुणी नसेल, तर 'हयात'चा रकाना भरणार कोण?

त्या काळी हा रकाना किती रिकामा होता याचा पुरावा १९४७ सालचा आहे. वाइल्डर पेनफील्ड आणि विल्यम फाइंडेल यांनी एक शोधनिबंध छापला. विषय एवढाच, की मेड्युलोब्लास्टोमाचा एक रुग्ण सतरा वर्षं जगला.

मँचेस्टर: सगळं शिवार

इतिहासाला वळण मिळालं ते मँचेस्टरला. तिथल्या ख्रिस्ती रुग्णालयात राल्स्टन पॅटरसन किरणोपचाराचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी एडिथ पॅटरसन याही डॉक्टर. सुरुवातीला त्यांनी तिथे बिनपगारी काम केलं. पुढे किरणांचा जिवंत पेशींवर होणारा परिणाम अभ्यासणारी प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

एडिथबाईंनी ओढ्याचा विचार केला. पेशी पाण्याबरोबर जात असतील, तर पाणी जिथे जिथे जातं तिथे तिथे किरण गेले पाहिजेत. सगळा मेंदू आणि मानेपासून माकडहाडापर्यंत सगळा कणा, एक बोटभर जागा न सोडता. असे उपचार आधीही कुणी कुणी सुचवले होते. त्यांनी ते काटेकोर पद्धतीने केले आणि मोजले. १९५३ मध्ये फार या सहकाऱ्याबरोबर त्यांनी २७ रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी ६५ टक्के हयात.

कुशिंग यांच्या एकसष्टांत एकाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. नवं औषध निघालं नव्हतं, नवा शस्त्रवैद्य अवतरला नव्हता. आजार कुठवर पोचतो हे ओळखून तिथवर जाण्याची हिंमत केली, एवढंच. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ८२ मुलांचा अभ्यास मांडला, त्यातही दीर्घकाळ जगलेली मुलं दिसतात. शिवाय त्यांनी एक नवी गोष्ट केली. वाचलेली मुलं कशी आहेत, तेही नोंदवलं.

तोवर आपल्याकडेही पाया घातला गेला होता. १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी देशातला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. ते पेनफील्ड यांच्याच माँट्रियलच्या संस्थेत शिकून आले होते. मुंबईत १९५०च्या दशकात डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी या शाखेची घडी बसवली. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभं होतंच. मँचेस्टरची रीत कोबाल्टच्या यंत्राबरोबर जगभर पसरली आणि १९८१च्या हिवाळ्यात परळमध्ये माझ्या बहिणीच्या पाठीपर्यंत येऊन पोचली.

कऱ्हाड ते परळ

त्या वर्षी पावसाळ्यात धाकटी दुसरीत होती. रोज सकाळी उलटी. जंत झाले म्हणून जंताचं औषध झालं, दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या झाल्या. शाळेला जायच्या वेळी उलटी आणि दहा वाजता खेळायला तयार, म्हणून ढोंग करते असं ठरलं. दसऱ्याच्या सुमारास ती चालताना भिंत धरू लागली. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत तिच्या डोळ्यांत बॅटरीने पाहिलं, वडिलांना बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "पाटील, डोळ्यामागची नस सुजलीय. उद्या नाही, आज रात्रीच्या गाडीने मुंबईला जा."

मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मग सहा आठवडे 'शेक'. किरणोपचाराला आमच्याकडे अजूनही शेकच म्हणतात. आई आणि धाकटी परळला आत्याच्या खोलीत राहिल्या. आत्याचे यजमान गिरणीत होते. उपचार संपून दोघी परतल्या त्याच आठवड्यात गिरणी संप सुरू झाला. नाताळच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा धाकटीच्या डोक्यावर केस नव्हते आणि पाठीवर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. त्या पुसायच्या नाहीत म्हणून अंघोळ नव्हती. रोज पालथं निजवून सगळे खोलीबाहेर जातात, दार बंद होतं आणि यंत्र गुरगुरतं, असं तिने मला सांगितलं. मी अकरा वर्षांचा होतो. मला त्या रेघांचा हेवा वाटला होता, हेही इथे लिहून ठेवतो.

कार्डावरचे ३६०० आणि ५४०० हे आकडे तेव्हा जगात कुठेही मिळाले असते तेच होते. आजच्या एककात ३६ आणि ५४ ग्रे. उपचारात कसूर झाली नाही. ते चोख झाले म्हणूनच ती वाचली. हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणाचा तरी दोष शोधावासा वाटेल. मलाही वाटला होता.

वजाबाकी

धाकटी वाचली, पण वाढली कमी. पाय वाढले, पाठ वाढली नाही. आज तिची उंची साडेचार फुटांच्या आत आहे. शाळेत ती मागे पडत गेली. तिसरीपर्यंतच्या कविता, पाढे, शेजारच्यांची गावं आणि गोत्रं तिला तोंडपाठ. पण नवं काही शिकवलं तर डोक्यात उतरायला वेळ लागे. तीन वाक्यं सलग सांगितली की पहिलं निसटायचं. तिशीनंतर ती सुस्तावली, जाड झाली, थंडी सोसेना. घरात आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

आता दप्तर काय म्हणतं ते पाहू. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून निबंधांचा सूर बदलत जातो. मुलं वाचू लागली म्हणून ती मोठी होताना दिसू लागली. वाढत्या मेंदूला किरणांचा फटका बसतो आणि वय जितकं लहान तितका जास्त, हे पॅरिसपासून अमेरिकेपर्यंत नोंदवलं गेलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीवर किरण पडले की वाढीचं संप्रेरक कमी पडतं. कण्याच्या मणक्यांची वाढ खुंटते. कण्याला किरण देताना गळ्यातल्या थायरॉइडवरही पडतात आणि ती ग्रंथी वर्षांनी हळूहळू मंदावते. अमेरिकेतल्या मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या अभ्यासकांनी वाचलेल्या मुलांना वर्षानुवर्षं चाचण्या देऊन २००१ मध्ये एक निष्कर्ष मांडला. ही मुलं शिकलेलं विसरत नाहीत. नवं शिकण्याचा त्यांचा वेग कमी पडतो, म्हणून बरोबरीच्यांपासूनचं अंतर दरवर्षी वाढत जातं.

तो परिच्छेद मी शब्दकोश बाजूला ठेवून वाचला. त्यातला प्रत्येक शब्द आमच्या घरात घडला होता.

या आजारात एक जुना ठोकताळा वापरला जातो. कॉलिन्स या डॉक्टरांनी तो १९५०च्या दशकात मुलांच्या दुसऱ्या एका गाठीसाठी मांडला होता. आजार कळला तेव्हा मुलाचं जे वय, त्यात गर्भातले नऊ महिने मिळवायचे. तेवढा काळ गाठ न परतता गेला तर मूल बहुधा बरं झालं. याला अपवाद आहेत. पण मी हिशेब केला. धाकटीचं वय तेव्हा सात वर्षं चार महिने. त्यात नऊ महिने. म्हणजे आठ वर्षं एक महिना. नोव्हेंबर १९८१ नंतर तेवढा काळ मोजला की डिसेंबर १९८९ येतो. वैद्यकाच्या लेखी ज्या महिन्यात ती मोकळी झाली, त्या महिन्यात ती नववीत होती, सहामाहीत गणितात नापास झाली होती आणि मी तिला बीजगणित शिकवत होतो. तिला मी 'दगड' म्हणालो होतो. एकदा नाही.

मग प्रश्न असा की किंमत कमी कशी करायची. किरण थोडे कमी दिले तर? १९८६ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या संशोधक-गटांनी मिळून ते करून पाहिलं. कमी धोक्याच्या मुलांत काहींना नेहमीचे ३६ ग्रे, काहींना २३.४. कमी मात्रा मिळालेल्या मुलांत आजार लवकर परतू लागला आणि १९९० मध्ये नवी मुलं घेणं थांबवावं लागलं. पण त्यातून वाचलेल्या मुलांची पुढे बुद्धिमापन चाचणी झाली, तेव्हा कमी मात्रेची मुलं सरस निघाली. लहान वयात पूर्ण मात्रा मिळालेली सर्वांत मागे. म्हणजे वजाबाकी करायलाच हवी होती. मात्र तिच्या जागी काहीतरी मिळवल्याशिवाय ती करता येत नव्हती.

मिळवण्याची गोष्ट औषधांची निघाली. फिलाडेल्फियाच्या रॉजर पॅकर यांनी किरणांच्या जोडीला व्हिंक्रिस्टीन, लोमस्टीन आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधं दिली. यांतलं व्हिंक्रिस्टीन सदाफुलीपासून निघतं. तीच मूळची मादागास्करची आणि आता आपल्या परसात कुणी न लावता उगवणारी सदाफुली. १९९४ मध्ये त्यांनी ६३ मुलांचा निकाल दिला: पाच वर्षांनी ८५ टक्के मुलांत आजार परतला नव्हता. १९९९ मध्ये पुढचं पाऊल. मेंदू आणि कण्याला ३६ ऐवजी २३.४ ग्रे आणि जोडीला हीच औषधं. ६५ मुलांत पाच वर्षांनी ७९ टक्के ठीक. किरणांची मात्रा तिसऱ्या हिश्शाने उतरली आणि मुलं वाचली. सिस्प्लॅटिनमुळे काहींचे कान अधू होतात, ही किंमत उरलीच.

ही वजाबाकी शक्य झाली कशामुळे? आधीच्या मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून त्यांची उंची, त्यांचे गुण, त्यांची गणितं कुणीतरी लिहून ठेवली म्हणून. नापास होणाऱ्या मुलांचा तो पुरावा नसता, तर ३६चा आकडा खाली आणण्याची गरजच कुणाला पटली नसती. माझी बहीण तशा कुठल्याही यादीत नव्हती. तिच्यासारखी त्या काळात आपल्याकडे वाचलेली मुलं आपापल्या गावी परतली आणि 'हळू', 'अर्धवट' ठरून आपापल्या ओसरीवर मोठी झाली.

चार आजार, एक नाव

गेल्या पंधरा वर्षांतला शोध असा की बेलींनी ज्याला एक नाव दिलं, ते चार आजार आहेत. बोस्टनला जमलेल्या तज्ज्ञांचं यावर एकमत झालं आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. 'विंट', 'सॉनिक हेजहॉग', 'गट तीन' आणि 'गट चार'. दुसऱ्या गटाचं नाव एका जनुकावरून, आणि त्या जनुकाचं नाव व्हिडिओ गेममधल्या साळिंदरासारख्या पात्रावरून आलेलं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठींची जनुकं वेगळी, वागणूक वेगळी. विंट गटातली मुलं योग्य उपचारांनी बहुतेक सगळी वाचतात. गट तीनमधल्या काही गाठी मात्र आजही सगळे उपाय करून हाती लागत नाहीत. कुठल्या मुलाला किती द्यायचं हे आता गाठ पाहून ठरवता येईल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली.

या कामात मुंबईचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. टाटा स्मारकाच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक संस्थेत डॉ. नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी मेणात जतन केलेल्या साध्या नमुन्यावरूनही गाठ कुठल्या गटातली ते सांगणारी चाचणी बसवली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ताजी, गोठवलेली गाठ जिथे मिळत नाही अशा देशात ही मोठी सोय आहे. डॉ. राकेश जलाली, डॉ. तेजपाल गुप्ता यांनी मुलांना किरणांचे छोटे डोस दिवसातून दोनदा देऊन त्यांची बुद्धी शाबूत राहते का, ते चाचण्यांनी तपासलं. म्हणजे ज्या यादीत धाकटी नव्हती, तशी यादी परळमध्ये पुढे ठेवली गेली.

त्याच संस्थेच्या एका अलीकडच्या अभ्यासाने मला थांबवलं. विंट गट इतका सौम्य, तर या मुलांच्या कण्याला किरण टाळून फक्त गाठीच्या जागी दिले आणि जोडीला औषधं दिली तर चालेल का? विचार रास्त होता. पण मोजक्याच मुलांनंतर हा प्रयोग थांबवावा लागला; आजार कण्याच्या वाटेने परतू लागला. तो निकाल त्यांनी झाकला नाही, छापला. एडिथ पॅटरसन यांनी १९५३ मध्ये जे ओळखलं होतं ते सत्तर वर्षांनी, जनुकं वाचता येऊ लागल्यावरही खरंच निघालं. मात्रा कमी करता येते, पण ओढा वगळता येत नाही.

आता खारघरलाच २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार सुरू झाले आहेत. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो. कण्यावर दिला तर पुढे हृदय, फुप्फुसं, आतडी, थायरॉइड यांच्यात जवळजवळ शिरत नाही. आज कमी धोक्याच्या मुलांपैकी पाचांत चार वाचतात, आणि ती अधिक धडधाकट वाचावीत म्हणून ही धडपड आहे.

कार्ड

२०१० मध्ये ते कार्ड घेऊन मी धाकटीला पुण्याला एका ग्रंथीतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढी वर्षं कुठे होतात?" रक्त तपासलं. थायरॉइड जवळपास बंद पडलेली. रोज सकाळी एक छोटी गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत घरातला 'आळस' गेला. त्याआधी निदान दहा वर्षं आम्ही तिला हाका मारून मारून उठवत होतो. मधल्या काळात दोन-तीन डॉक्टर झाले होते. त्यांनाही दोष देता येत नाही, कारण कार्ड ट्रंकेत होतं. किरण दिलेल्या जागी बऱ्याच वर्षांनी दुसरी गाठ उद्भवू शकते, म्हणून आता ठरावीक काळाने तिच्या डोक्याचा एमआरआय होतो. आजवर सगळे ठीक आले आहेत.

धाकटी आता एक्कावन्न वर्षांची आहे. गेली सोळा वर्षं ती गावातल्या वाचनालयात पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालते. सावकाश घालते, कोपरे असे बसवते की पुस्तक फाटेल, कव्हर सुटणार नाही. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवला, कारण तो तिच्याबद्दल आहे आणि तिला न विचारता छापणं योग्य नव्हतं. नवं सावकाश उतरतं म्हणून तीन संध्याकाळी लागल्या. बीजगणिताचा भाग आला तेव्हा मी अडखळलो. ती म्हणाली, "वाच की दादा, मला माहितीय ते." थोड्या वेळाने म्हणाली, "मग त्या शेकानं झालं होय. मी ढ नव्हते."

वाचकांना एकच विनंती आहे. १९७०, ८०, ९०च्या दशकांत लहानपणी डोक्याला शेक घेऊन वाचलेलं कुणी तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असेल, तर त्याचे जुने कागद शोधा. किती रॅड, कुठे, कोणत्या साली, एवढं सापडलं तरी पुरे. ते घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, कान, हाडं, डोकं तपासून घ्या. आणि त्या माणसाला पूर्वी काही बोलला असाल, तर तेही एकदा आठवा.

धाकटीच्या कार्डाच्या मी चार प्रती काढल्या आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याच्या डॉक्टरांच्या फायलीत, एक तिच्या पर्समध्ये. चौथी ट्रंकेत, सातबाराच्या उताऱ्यांवर ठेवली आहे. या वेळी वर.